उमेदीनंतरचा उमेदवार : चाळिशीनंतरचा कामाचा शोध आणि मराठी कथनरूप

१

'उमेदवार' हा शब्द मराठीत फारसीतून आला. आशा बाळगून असलेला तो उमेदवार. कचेरीच्या व्यवहारात त्याला नेमका अर्थ मिळाला : आज ना उद्या कायम नेमणूक होईल या आशेवर, प्रसंगी बिनपगारी, काम शिकत राहणारा माणूस. आज हा शब्द निवडणुकीपासून लग्नाच्या बाजारापर्यंत कुठेही चालतो. तथापि, मराठीने 'उमेद' या शब्दाला वयाचीही एक खूण जोडून दिली आहे. 'उमेदीचा काळ' किंवा 'उमेदीची वर्षे' असे आपण म्हणतो तेव्हा आपल्याला तारुण्यच अभिप्रेत असते. म्हणजे चाळिशी-पंचेचाळिशीनंतर पुन्हा नोकरीसाठी दारोदार फिरणारा माणूस आपल्या भाषेच्या दृष्टीने जवळजवळ वदतोव्याघात ठरतो : उमेदीची वर्षे मागे पडली आहेत, आणि तरीही तो उमेदवार आहे.

हा केवळ शब्दार्थाचा खेळ नव्हे. नोकरीविषयी बोलताना आपण वापरतो ती क्रियापदे पाहावीत. माणूस नोकरीला 'लागतो', 'चिकटतो', पुढे 'कायम होतो', आणि शेवटी 'निवृत्त होतो'. नोकरी सुटली की तो 'घरी बसतो'. या क्रियापदांच्या साखळीत पुन्हा लागण्याला, दुसऱ्यांदा चिकटण्याला जागाच नाही. शासनाची 'वयोमर्यादा' हीच समजूत आकड्यात मांडते. २०१६ साली महाराष्ट्र शासनाने सेवाप्रवेशाची कमाल मर्यादा वाढवून खुल्या प्रवर्गासाठी ३८ व मागास प्रवर्गांसाठी ४३ वर्षे केली, त्यामागे उशिरापर्यंत चालणाऱ्या उमेदवारीची थोडीफार दखल होती. परंतु तीही पहिल्याच नोकरीच्या उमेदवाराची. एकदा कामावर राहून, ते गमावून पुन्हा दाराशी आलेला माणूस त्या हिशोबात नव्हता.

मराठी कथनसाहित्याने या माणसाचे काय केले, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे : पहिल्या नोकरीच्या शोधाला मराठी साहित्याने कथनरूप दिले, स्थिर नोकरीला दिले, व्यवसायाच्या गुलामगिरीतून सुटण्यालाही दिले. मात्र मध्यम वयात काम गमावून नवे काम शोधण्याच्या अनुभवाला ते अपवादानेच देऊ शकले. १९८२ नंतर मुंबईत हा अनुभव लाखोंच्या वाट्याला आला असताना ही उणीव राहिली, म्हणून तिची कारणे विषयाच्या अभावात नव्हे, रूपाच्या अडचणीत शोधावी लागतात.

२

उपलब्ध रूपे आधी पाहू. पहिले रूप प्रवेशकथेचे. शिक्षण संपलेला किंवा अर्धवट सुटलेला तरुण जगाच्या दाराशी उभा असतो आणि दार उघडण्या-न उघडण्यातून त्याला व आपल्याला समाजाची ओळख होते. भालचंद्र नेमाडे यांच्या 'बिढार'पासून 'झूल'पर्यंतच्या कादंबऱ्यांतील चांगदेव पाटील एका महाविद्यालयातून दुसऱ्यात जात राहतो. नोकरी बदलणे हेच तेथे कथानकाचे चाक आहे. तथापि, चांगदेवाचे बिऱ्हाड हलते ते तरुणपणाच्या आधारावर. त्याच्या नकारात उद्याची शक्यता गृहीत आहे. सदानंद देशमुख यांच्या 'बारोमास' (२००२) मधला शिकलेला पण नोकरी नसलेला एकनाथ या प्रवेशकथेची काळी बाजू दाखवतो. दार उघडतच नाही, पण उभा असलेला माणूस पुन्हा तरुणच आहे. बाबुराव बागुलांच्या 'जेव्हा मी जात चोरली होती' या कथेत रेल्वेच्या नोकरीवर रुजू होणाऱ्या तरुणाला नोकरी मिळूनही प्रवेश मिळत नाही, कारण खरी परीक्षा जातीची असते. प्रवेशकथेचा पाया बागुलांनी इतका हादरवला. तिचे वय मात्र बदलले नाही.

दुसरे रूप स्थैर्यकथेचे. 'असा मी असामी' (१९६४) मधील धोंडो भिकाजी जोशी हा त्याचा सर्वांत लोभस प्रतिनिधी. त्याच्या भोवतीचे कपडे, घर, चालीरीती, मुलांची भाषा सारे बदलते. बदलत नाही ती त्याची कारकुनी. त्या अचल बिंदूवर उभे राहूनच बदलाचा विनोद शक्य होतो. पु. ल. देशपांडे यांच्या निवेदकाने पन्नाशीत नोकरी गमावली असती तर त्या पुस्तकाचा स्वरच टिकला नसता. म्हणजे 'कायम' असणे ही तेथे केवळ आर्थिक स्थिती नाही, ती निवेदनाची पूर्वअट आहे. मराठी मध्यमवर्गीय गद्याचा बराचसा समंजस, मिस्कील, थोडा हळवा सूर या पूर्वअटीवर उभा आहे, हे आपण पुरेसे ध्यानात घेतलेले नाही.

तिसरे रूप मुक्तिकथेचे. 'बलुतं' (१९७८) पासूनच्या दलित आत्मकथनांनी व्यवसाय बदलण्याच्या घटनेला इतिहासाचे वजन दिले. जन्माने लादलेले काम सोडणे हा तेथे पोटाचा नव्हे, माणूसपणाचा प्रश्न आहे. या साहित्याने 'पिढीजात धंदा' या शब्दातली गोडी कायमची घालवली, हे त्याचे ऋण आहे. परंतु मुक्तिकथेची दिशाही बहुधा शाळेकडून नोकरीकडे, गावाकडून शहराकडे, आणि मुख्यतः एका पिढीकडून पुढच्या पिढीकडे अशी असते. मुक्त होते ते मूल. त्याला शाळेत घालणाऱ्या बापाने किंवा आईने स्वतः वयाच्या मध्यावर कोणते काम सोडले, कोणते धरले, हे मुलाच्या कथनाच्या कडेला राहते.

तिन्ही रूपांत एक गोष्ट समान आहे. काळ पुढे जातो, आणि जाताना काहीतरी जमा करीत जातो. उत्तरवयातल्या कामाच्या शोधाची प्रकृती याच्या उलट आहे. येथे जमा झालेले सारे एका सकाळी निरुपयोगी ठरते आणि माणूस पुन्हा आरंभाला येतो. मात्र हा आरंभ आरंभासारखा नसतो.

३

गिरणगावाचा दाखला येथे अपरिहार्य आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईतील कापडगिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. संप रीतसर मागे घेतला गेला नाही. तो विरत गेला, आणि फार मोठ्या संख्येने कामगार पुन्हा आत जाऊ शकले नाहीत. १९८५ चे वस्त्रोद्योग धोरण, १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने गिरण्यांच्या जमिनी विकण्यास दिलेली वाट, आणि स्वेच्छानिवृत्तीच्या योजना यांनी उरलेल्यांचाही हिशोब पुरा केला. 'स्वेच्छानिवृत्ती' या शब्दातील स्वेच्छा कोणाची, हा प्रश्न त्या काळात मराठी भाषेला पडायला हवा होता.

या कामगारांपैकी कोणी इमारतींच्या दारावर पहारेकरी झाले, कोणी भाजीची किंवा वडापावची गाडी लावली, कोणी कोकणात अगर घाटावर गावी परतले. स्त्रियांनी घरकाम धरले, डबे केले. परळ-लालबागच्या खाणावळवाल्यांचे तर कामच गिरणीच्या पगारावर चालत असे. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये ज्यांना अन्नपूर्णा महिला मंडळात संघटित केले, त्या स्त्रियांच्या चुली कामगारांच्या जेवणावर पेटत होत्या. गिऱ्हाईकाचा पगार थांबला की खाणावळही अडचणीत येते. पण खाणावळवालीचे काम भाषेने कधी 'नोकरी' मानलेच नव्हते, म्हणून तिचे काम गेल्याची 'बेकारी' अशी नोंदही झाली नाही.

येथे एक आक्षेप संभवतो. गिरणी कामगाराचे काम पूर्वी तरी कायम कुठे होते? आक्षेप रास्त आहे. 'बदली' कामगाराची व्यवस्था गिरण्यांत जुनी होती. पाळीच्या वेळी दारात उभे राहायचे, कोणी गैरहजर असेल तर त्याच्या साच्यावर काम मिळायचे, नाहीतर परत फिरायचे. त्यात जॉबरची मर्जी सांभाळायची. म्हणजे रोज सकाळी नव्याने नोकरी शोधणे हा अनुभव या वर्गाला नवा नव्हता. पण बदलीवाल्याचे ताटकळणे एका ओळखीच्या दाराशी होते. आत काय आहे, कोणते खाते, कोणता साचा, कोण मुकादम, हे त्याला माहीत होते. १९८२ नंतर गेले ते हे दार. माणसाची ताटकळण्याची सवय तशीच राहिली, आणि ताटकळण्याची जागा नाहीशी झाली.

४

जयंत पवार यांचे 'अधांतर' (१९९७) हे या पडझडीचे मराठीतील सर्वांत समर्थ नाट्यरूप. शीर्षकातच त्याने आपल्याला एक समीक्षासंज्ञा देऊन ठेवली आहे. वर आधार नाही, खाली जमीन नाही, आणि पडणेही पुरे होत नाही. गिरणगावातल्या चाळीतील एका खोलीत घडणाऱ्या या नाटकाच्या मध्यभागी कामगार कुटुंबातील आई आहे, आणि संघर्षाची सूत्रे पुढच्या पिढीच्या हाती आहेत : एकाला लेखनाची ओढ, एकाला क्रिकेटचे वेड, एक गुन्हेगारीकडे ओढला गेलेला. संपाने मागच्या पिढीचे काम काढून घेतले आणि पुढच्या पिढीची कामाकडे जाण्याची वाटच पुसली, हे पवार ज्या निष्ठुर आपुलकीने दाखवतात, त्याला तोड नाही.

तथापि, नाटकाचे नाट्य मुलांत आहे, ही गोष्ट नजरेआड करता येत नाही. गिरणीत आयुष्य काढलेल्या माणसाला पन्नाशीत काम शोधताना काय झाले, हे आपल्याला मुख्यतः त्याच्या मुलांच्या वाटचालीतून कळते. हा नाटककाराचा दोष म्हणून मी सांगत नाही. ती रूपाची अपेक्षा आहे. मुलगा गुन्हेगारीकडे वळला तर घटना घडते. बाप तिसऱ्यांदा पहारेकऱ्याच्या कामाची चौकशी करून परत आला तर काय घडते? काहीच नाही, किंवा कालचेच पुन्हा.

कथन बापाकडून मुलाकडे सरकते, तसेच व्यवहारात शासनानेही केले. गिरणी कामगारांना घरे देण्यासाठी म्हाडाच्या सोडती २०१२ पासून निघू लागल्या, तेव्हा अर्जदार होता 'कामगार किंवा त्याचा वारस'. न्यायाच्या दृष्टीने हे योग्यच होते. पण कामगाराचे काम जाणे आणि त्याची भरपाई मिळणे यांच्यामध्ये तीस वर्षांचा काळ पसरला होता. या तीस वर्षांत तो कामगार काय करीत होता, कुठे जात होता, संध्याकाळी घरी येऊन काय सांगत होता? शासनाच्या कागदावर या काळाची नोंद नाही. साहित्यातही ती अगदी तुरळक आहे. दोघांनीही त्याचा वारस गाठला.

५

हा मधला काळ कथनात उतरण्यास इतका अवघड का? एक कारण त्या अनुभवाच्या घडणीतच आहे. कथानकाला स्थित्यंतर लागते, आणि कामाच्या शोधाची घटना पुनरावृत्तीची आहे. ओळखीच्या माणसाकडे जाणे, त्याने 'बघतो' म्हणणे, आठवड्याने पुन्हा जाणे. या 'बघतो'चे व्याकरण मराठी माणसाला चांगले ठाऊक आहे. त्यात नकार नाही, होकार नाही, आणि ऐकणाऱ्याने तो नकार समजावा अशी अपेक्षा मात्र आहे. तरुणाला 'बघतो' म्हणताना त्यात उपकाराचा आव असतो. समवयस्काला 'बघतो' म्हणताना त्यात संकोच असतो, कारण म्हणणारा आणि ऐकणारा कालपर्यंत एकाच पायरीवर होते. या संकोचाची कथा लिहिता येण्याजोगी आहे. ती आपल्याकडे पुरेशी लिहिली गेलेली नाही.

दुसरे कारण लेखनव्यवहाराशी निगडित आहे. नोकरीसाठीचा अर्ज हाही एक आत्मचरित्रात्मक लेखनप्रकार आहे, हे आपण विसरतो. नाव, वय, शिक्षण, अनुभव, आणि शेवटी 'आपला विश्वासू'. या चौकटीत माणसाने आपले आयुष्य दुसऱ्याला उपयोगी वाटेल असे सांगायचे असते. गिरणीत शिरलेल्या माणसाला पुष्कळदा असा अर्ज कधी लिहावाच लागला नव्हता. तो गाववाल्याच्या शब्दावर, नातलगाच्या मध्यस्थीने, जॉबरच्या ओळखीने आत गेला होता. अर्धे आयुष्य गेल्यावर प्रथमच त्याला आपले जगणे रकान्यांत भरायचे होते. 'शिक्षण' या रकान्यात लिहिण्यासारखे थोडे, आणि 'अनुभव' या रकान्यात लिहिण्यासारखे इतके की ते कोणत्या शब्दांत लिहावे हा प्रश्न. तुटलेला धागा गोंगाटातही नेमका हेरणारी नजर, यंत्राच्या आवाजावरून त्याचे बिनसणे ओळखणारे कान, हे ज्ञान त्या रकान्यात मावत नाही. मावले तरी पहारेकऱ्याच्या कामाला त्याचा उपयोग नाही. मनुष्य बेकार होतो त्याआधी त्याचे ज्ञान बेकार होते. त्याचे दुःख पगाराच्या दुःखापेक्षा वेगळे आहे, आणि आपल्या साहित्यात तेच सर्वांत कमी उमटले आहे. कामगाराची गरिबी, व्यसन, संप, झेंडा हे सारे मराठी वाचकाला परिचित आहे. त्याचे कसब मात्र अपरिचित आहे. गमावलेल्या गोष्टीची किंमतच वाचकाला ठाऊक नसेल, तर ती गमावल्याचे शल्य त्याच्यापर्यंत पोहोचणार कसे?

तिसरे कारण वैचारिक आहे. पुरोगामी कथनाने कामगाराला वर्गाचा घटक म्हणून पाहिले. संप हा त्या दृष्टीने इतिहासाचा क्षण असतो. संपानंतर एकटा पडून काम मागत फिरणारा माणूस त्या इतिहासाबाहेर जातो. वर्गाला पराभव असतो, पण वर्ग अर्ज करीत नाही. अर्ज एकट्यानेच करावा लागतो. उलट बाजूला, १९९१ नंतरच्या काळात फोफावलेले यशोगाथांचे वाङ्मय नेमके या एकट्या माणसाला पकडते, आणि त्याला 'जिद्द' बहाल करते. पन्नाशीत गाडी लावून यशस्वी झालेला माणूस त्याला हवा असतो. गाडी तीनदा उचलली गेलेला नको असतो. शोकात्म कथनात हा माणूस संपतो, यशोगाथेत तो जिंकतो. बहुतेकांच्या बाबतीत यांपैकी काहीच घडलेले नाही. त्यांना कमी पगाराचे, कमी मानाचे, कसब न लागणारे काम मिळाले आणि त्यांनी ते केले.

६

अपवाद कुठे सापडतात? ते मुख्य प्रवाहातील कादंबरीत नव्हे, तर अन्य रूपांत सापडतात, हे सूचक आहे.

नारायण सुर्वे गिरणीत राबले, शाळेत शिपाई झाले, आणि प्रौढपणी परीक्षा देऊन तिशी उलटल्यावर शिक्षक झाले. 'माझे विद्यापीठ' (१९६६) या शीर्षकात कामांच्या या पालटाचा जो अर्थ लावला आहे तो विलक्षण आहे. कामे सुटत गेली तरी त्यांतले शिकणे सुटले नाही, असे ते शीर्षक सांगते. प्रत्येक धंदा हा त्या विद्यापीठाचा एकेक वर्ग ठरतो. कवितेला हे साधले, कारण भावकवितेतील 'मी'ला कथानकाची प्रगती दाखवावी लागत नाही. पुनरावृत्ती हा तिथे दोष नसून लय असते.

ऊर्मिला पवार यांचे 'आयदान' (२००३) दुसरा मार्ग दाखवते. वडिलांच्या मृत्यूनंतर घर चालले ते आईच्या आयदाने विणण्यावर. मुलीने पुढे स्वतःच्या लेखनाची वीण आईच्या त्या विणीशी जोडून पाहिली. येथेही आईची गोष्ट मुलीच्या तोंडून येते. पण मागच्या पिढीचे काम हे केवळ पार्श्वभूमी न राहता पुढच्या पिढीच्या रूपविचाराचा आधार होते. मुक्तिकथेने ज्या कामापासून सुटका मागितली, त्याच कामातले कसब तिने कमी लेखले नाही. ही दुहेरी नजर मला फार मोलाची वाटते. काम लादलेले होते आणि हात कुशल होते, ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी असू शकतात.

तिसरा मार्ग साक्षीचा. मीना मेनन आणि नीरा आडारकर यांनी संकलित केलेला गिरणगावाचा मौखिक इतिहास २००४ मध्ये इंग्रजीत आला आणि पुढे मराठीतही उपलब्ध झाला. त्यात कामगार, कार्यकर्ते, स्त्रिया आपापल्या तोंडाने बोलतात. मौखिक निवेदनाला आदि-मध्य-अंताची सक्ती नसते. 'मग तिथं काही दिवस केलं, मग ते बंद पडलं' अशा धर्तीचे वाक्य बोलण्यात सहज येते, आणि त्या दोन 'मग'मध्ये वर्षे सामावतात. कादंबरीकार असे वाक्य खोडून त्याचे प्रकरण करू पाहील. कदाचित त्याने ते तसेच ठेवायला शिकले पाहिजे.

७

समीक्षेचे उत्तरदायित्व येथे सुरू होते. आपण साहित्याची वर्गवारी ग्रामीण, दलित, स्त्रीवादी, महानगरी अशा नावांनी करतो. या नावांनी आपली दृष्टी विस्तारली यात शंका नाही. पण ती माणसाला बहुधा जन्मस्थानावरून ओळखतात. वयाच्या मध्यावर ज्याने जागा बदलली, जो शहरातून गावी परतून शेतकरी होऊ पाहतो आणि गावाला शेतकरी वाटत नाही, त्याची कथा कोणत्या कप्प्यात ठेवायची? कप्पा नसला की लिहिलेलेही वाचले जात नाही. अशा विखुरलेल्या कथा असतीलही. त्या एकत्र वाचण्याची पद्धत आपण निर्माण केलेली नाही.

आणखी एक गोष्ट स्पष्ट म्हटली पाहिजे. मराठी समीक्षा बव्हंशी कायम नोकरीतल्या अध्यापकांनी लिहिली आहे. प्रस्तुत लेखकही त्याच व्यवसायातला आहे. स्थैर्यकथेची पूर्वअट म्हणून वर जे सांगितले, ते समीक्षेच्या सुरालाही लागू पडते. आपण निवांतपणे 'अस्तित्वाची अनिश्चितता' या आशयसूत्राची चर्चा करतो, आणि त्याच इमारतीत तासिका तत्त्वावर शिकवणारा सहकारी चाळिशी गाठत असतो. दर वर्षी तो नव्याने अर्ज करतो, नव्याने मुलाखत देतो. पदवी, पात्रता परीक्षा, संशोधन सारे त्याच्यापाशी आहे. नसते ती उमेदीची वर्षे, कारण ती याच रांगेत खर्ची पडली. बदली कामगाराची व्यवस्था गिरण्यांबरोबर संपली असे समजण्याचे कारण नाही. ती ज्ञानव्यवहारात आली आहे, आणि तिचे कथन करू शकणारा माणूस या वेळी लिहिता-वाचता आहे. आपल्या अनुभवाला तो प्रवेशकथेचे जुने रूप देतो की नवे रूप शोधतो, यावर येत्या काळातील मराठी गद्याचे बरेच काही अवलंबून आहे.

त्या नव्या रूपाकडून तीन अपेक्षा ठेवाव्याशा वाटतात. कामाचे ज्ञान त्यात तपशिलाने यावे, कारण त्यावाचून हानीचे माप मिळत नाही. पुनरावृत्तीला त्याने घाबरू नये. 'पुन्हा' या शब्दाचा कंटाळा, लाज आणि चिकाटी ही तिन्ही अंगे त्यात दिसावीत. आणि माणूस संपला किंवा जिंकला, यांपैकी एकाची निवड करण्याची घाई त्याने टाळावी. एवढे झाले तर 'उमेदवार' या जुन्या शब्दाला लागलेली वयाची मर्यादा निदान साहित्यापुरती तरी सैल होईल, आणि पंचेचाळिसाव्या वर्षी हातात कागद घेऊन बाकावर बसलेल्या माणसाकडे वाचक कीव न करता, कौतुकही न करता, जरा वेळ नीट पाहू शकेल.